दिव्याला निरोप

१

पळसदरी स्टेशनाच्या मागे रेल्वेची एक बुटकी चाळ होती. तिच्या शेवटच्या खोल्यांत सहदेव घारे राहायचा. कर्जतच्या वीजघरात तो फिटर होता, आणि त्या नोकरीच्या पुण्याईनं चाळीत सगळ्यांआधी त्याच्या घरात विजेचा दिवा आला होता. एकच. मधल्या खोलीत, आढ्याच्या वाशावरून खाली सोडलेल्या तारेला. पुढची ओटी आणि मागचं स्वयंपाकघर त्याच्याच उजेडावर भागवायचं.

दिवा आला तेव्हा सगळ्यांत जास्त हरखली ती सोनाबाई, सहदेवची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि भावाच्या लेकीला, जनाला, तिनंच वाढवलं. तिन्हीसांजेला ती बटण खाली ओढायची, टक्, आणि दिव्याला हात जोडायची.

सहदेवला हसू यायचं. "अगं, काचेच्या भोपळ्याच्या पाया काय पडतेस?"

"तू नको पडू रं दादा. तुज्या वाटचं मी पडते," ती म्हणायची.

मग ती जनाला दिव्याच्या बरोबर खाली उभी करायची. कंदिलापुढे भिंतभर वाढणारी सावली तिथे पायांशी गोळा व्हायची, भाकरीएवढी. "पाय जुळव. झाकली का सावली? आता आपल्याला कोण भ्या दाखवतो बघू." खरं भय जनाला नव्हतंच. ते सोनाबाईलाच होतं. मोठी बाई, पण अंधार म्हटला की लहान पोर व्हायची. निजताना बटण वर करायचं काम म्हणूनच जनाकडे होतं, स्टुलावर चढून. 'दिवा घालव' असं म्हणायचं नाही. "दिव्याला निरोप दे गं जने," असं सोनाबाई म्हणे, तोवर तिनं डोक्यावरून पांघरूण घेतलेलं असे.

श्रावणात ती तापानं गेली. त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली.

माणूस गेल्या जागी दहा दिवस दिवा तेवत ठेवायची रीत. तेलाचा ठेवला, पण कौलांतून पावसाळी वारा असा शिरत होता की पहिल्याच रात्री तो दोनदा गेला. हा दिवा मध्येच जाणं वाईट. सहदेवची बायको चंद्राबाई कपाळाला हात लावून बसली. तेव्हा सहदेवनं वर बोट दाखवलं.

"हा काय दिवा नव्हे? ह्याला वारा लागत नाय, ह्याची वात सरत नाय. हाच ठेवू."

कुणाचा हात चुकून लागू नये म्हणून त्यानं बटणाला दोरा गुंडाळून गाठ मारली.

दहावा झाला, पिंडाला कावळा शिवला. पण जना उजेडाशिवाय निजेना, म्हणून गाठ तशीच राहिली. गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी झाली. दिवा रात्रंदिवस जळत होता. दिवसा तो सकाळी मागे राहिलेल्या चंद्रासारखा फिका दिसे आणि त्याच्याकडे कुणी बघत नसे.

सहदेव मात्र अधूनमधून बघायचा. असा दिवा किती चालतो हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. हा कधीच जायला हवा होता. पण तसं तो घरात कधी बोलला नाही.

२

कार्तिकात कुणी वादळाची वाट बघत नाही. भात कापून झालेलं असतं, उडव्या रचलेल्या असतात. त्या वर्षी ते आलं. तिसऱ्या प्रहरापासून वारा समुद्राच्या अंगानं चढत गेला आणि दिवस मावळेपर्यंत चाळीवरची कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली. स्टेशनापुढचा जुना शिरीष मुळासकट आडवा झाला.

सहदेव, चंद्राबाई आणि जना मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले होते. वर तारेला दिवा झोके घेत होता, आणि त्याच्याबरोबर खोलीतली प्रत्येक सावली इकडून तिकडे जात होती. मग दिवा लालसर झाला. आतली तार तेवढी निखाऱ्यासारखी दिसत राहिली. किती वेळ कुणास ठाऊक. वीज गेल्यावर राहायला नको इतका वेळ. आणि मग तीही दिसेनाशी झाली.

"गेला," चंद्राबाई म्हणाली, आणि जीभ चावली.

त्या दिव्याविना खोली कशी असते हे तिघंही विसरले होते.

दुसऱ्या दिवशी कळलं की खांब कुठवर पडलेत याचीच अजून मोजदाद नाही. गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. सहदेव दिवसभर गँगबरोबर तारा ओढत राहिला आणि संध्याकाळी रॉकेलसाठी कर्जतच्या बाजारात झहीरच्या दुकानात गेला.

"या, या, वीजघरवाले!" झहीर गल्ल्यावरूनच ओरडला. "गावाला उजेड देनारे आज माझ्या दारात बाटली घेऊन?"

"थट्टा पुरे रं. किती देतोस?"

"रेशनचं संपलं. माझ्या घरचं हाय त्यातलं अर्धं ने. घरवाली रजिया शिव्या देईल, त्या मी खाईन. पोरीला अंधारात ठेवू नको."

स्वयंपाकघरात चिमणी लागली. चंद्राबाई भाकरी थापू लागली आणि तिची सावली मागच्या भिंतीवर थापू लागली. सगळंच एकदम मोठं झालं होतं. जना आपल्या सावलीकडे बघत होती, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी.

तेवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला.

टक्.

चंद्राबाईचा हात परातीत थांबला. सहदेवनं घास तसाच धरून ठेवला. पाल नव्हे, उंदीर नव्हे. आपला खोकला ओळखावा तसा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. बटणाची पितळी खिट्टी, आत तिची स्प्रिंग.

टक्. या वेळी खाली.

"लाकूड," तो म्हणाला. "ओल धरलेली फळी. आता सुकतीय."

"व्हय," चंद्राबाई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकायची ती तिनं परत उंड्यासारखी वळली.

३

सकाळी त्यानं बटण तपासलं. दोरा जमिनीवर पडला होता. ओलीनं सैल झाला असेल, ही पहिली गोष्ट त्याच्या मनात आली. मग त्यानं तो उचलला. गाठ होती तशीच होती. सोडलेली नव्हती, तुटलेली नव्हती. एवढा घट्ट वेढा बटणाच्या चकतीवरून अखंड कसा निघाला असेल, याचा तो दाढी करता करता विचार करत राहिला. जनाचं काम म्हणावं, तर स्टूल वादळाच्या दिवसापासून ओटीवर होतं, आणि त्यावर चंद्राबाईनं ओले कपडे घातले होते.

त्यानं बटण वर केलं, नवा दोरा बांधला, तीन वेढे जास्त दिले.

संध्याकाळी तो परतला तेव्हा चंद्राबाई मागच्या अंगणात सरपण रचत होती.

"जना कुठाय?"

"हाय की हितंच. चिमणीपाशी बसवलीया."

चिमणीपाशी कुणी नव्हतं. ताटलीतला भात निवला होता.

मधल्या खोलीत पुरता अंधार झाला होता. डोळे सरावले तसं त्याला दिसलं, जना खोलीच्या मधोमध उभी होती, बरोबर दिव्याखाली, पाय जुळवून.

"जने? काय करतीस हितं?"

"आत्याला भ्या वाटतं," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. शेजारणीचा निरोप सांगावा तशी ती बोलली. "ती दिवा लावतीया. लागतच नाय."

मागून आलेल्या चंद्राबाईनं पोरीला ओढून कडेवर घेतलं. "हात बघा हिचे," ती म्हणाली. सहदेवनं हात धरला. उजवा गरम होता. डावा थंडगार, आणि डाव्या हाताची बोटं काहीतरी धरून असल्यासारखी वाकलेली.

दारातून बाहेर पडताना त्याचा खांदा बटणाच्या फळीला घासला. त्यानं चाचपून बघितलं. दोरा नव्हता. खिट्टी खाली होती.

त्या दिवशी जना जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धी भाकरी चिवडून तशीच ठेवली. दिवसा ती बरी असे, शेजारच्या पोरींबरोबर उडालेल्या कौलांच्या खापऱ्या वेचत असे. दिवस कलला की खेळ टाकून घरात यायची आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायची. चंद्राबाईनं त्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली, तर जना दाराला गाल लावून बसली.

"आये," ती म्हणाली, "आत्याला वाट गावत नाय. मी तिचं बोट धरून नेऊ?"

"कुठं न्यायची गं?"

"तिला जायचंय तिथं. लांब नाय म्हनते."

चंद्राबाईनं सहदेवकडे बघितलं. दोघांची ती एकुलती एक होती. तिच्याआधीची दोन त्यांनी पाळण्यातूनच पोचवली होती. त्यावर त्या घरात कधी बोलणं होत नसे.

४

चाळीच्या दुसऱ्या टोकाला अंबाबाई राहायची. रुळांवर काम करणाऱ्या लडकू मुकादमाची आई. सोनाबाईला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती. चंद्राबाई तिला घेऊन आली. म्हातारीनं जनाचा डावा हात आपल्या हातात घेतला, जरा वेळ चोळला आणि खाली ठेवला.

"दहाव्याला दिवा कंच्या पाण्यात सोडलात?" तिनं विचारलं.

 चंद्राबाईची नजर हळूहळू मधल्या खोलीच्या बंद दाराकडे गेली, आतल्या दिव्याच्या अंगाला.

"अगं बाय माझे!" अंबाबाई म्हणाली. "ह्यो?"

"तेलाचा टिकंना, काकू," सहदेव म्हणाला. "आणि हा काय दिवा नव्हे का?"

"हाय की. मी कुठं नाय म्हनते? दिवाच हाय, म्हनून तर ती बसली त्याच्याखाली. तेलाचा दिवा असता तर वात दक्षिणेला केली असतीस. ह्याचं तोंड कुठं रं? आनि सोडलात का त्याला? म्हंजी तिला 'बस' म्हनालात, 'जा' म्हनायचं राहिलं."

"काकू, वीज म्हणजे काय, ते मी रोज हातानं..."

"तुज्या विजेला मी कुठं नावं ठेवते? तुज्या विजेवर माझी पण इस्त्री होते स्टेशनावर." म्हातारीनं पदर खोचला. "काढ तो. तळ्यात सोडून ये. आनि सोडल्यावर मागं बघायचं नाय, ठाऊक हाय न्हवं? का तेबी वीजघरात शिकवत नायत?"

एरवी सहदेव हसला असता. पोरीला काविळीचा ताप असेल, उपाशी पोटी पोरं बरळतात, वाऱ्यानं घाबरलीय, उद्या दवाखान्यात नेऊ, असं सगळं त्याच्या मनात तयार होतं. त्यानं उंबऱ्याकडे बघितलं. जना दाराला गाल लावून बसली होती, आणि दाराच्या फटीत तिची चार बोटं आत गेली होती.

"शिडी आणा," तो म्हणाला.

५

काढताना दिवा कोमट लागला.

तारेत वीज नव्हती, हे त्यानं दोनदा बघितलं होतं. ऊन कौलांच्या भगदाडातून पडलं असेल, असं त्यानं ठरवलं. ऊन त्या बाजूला नव्हतं. त्यानं दिवा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला, बंडीच्या आत धरला आणि रुळांच्या कडेनं पळसदरीच्या तळ्याकडे निघाला. उन्हं अजून डोंगरावर होती. तळ्याच्या पाण्यावर वादळात तुटलेल्या डहाळ्या, पेंढा आणि एक मेलेलं वटवाघूळ तरंगत होतं. दगडी बांधावर कुणी नव्हतं.

काय म्हणायचं हे त्याला सुचेना. दहाव्याला भटजी होते, ते सांगतील तसं म्हणायचं होतं. इथे तो एकटा होता. शेवटी तो गुडघाभर पाण्यात उतरला, फडकं सोडलं आणि म्हणाला, "जा सोने."

हात काढला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

दिवा बुडत नव्हता. कसा बुडेल? आत नुसती पोकळी. पितळेची टोपी खाली, काच वर, असा तो पाण्यावर उभा राहिला, माणसानं गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहावं तसा. कंदील, समई, पणती, सगळं बुडतं. हे बुडणार नाही एवढं तरी वीजघरातल्या माणसाला कळायला हवं होतं. त्यानं बोटांनी तो आत लोटला. वारा बांधाकडे होता. दिवा थोडा आत गेला, फिरला आणि परत आला.

दगड बांधावा, तर जवळ फडक्याशिवाय काही नव्हतं, आणि एकदा सोडल्यावर परत हातात घ्यायला तो धजला नाही. तो पाठ फिरवून बांधावर चढला.

मागे काच दगडाला लागली. टक्.

तो चालू लागला. पाण्याची एक लाट यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळानं पुन्हा, टक्. फुटेल आता, तो मनात म्हणाला. फुटू दे. ती फुटली नाही. बांध संपेपर्यंत तो आवाज त्याच्या पाठीमागे त्याच अंतरावर होता, आणि बांध संपल्यावरही जरा वेळ होता.

त्यानं मागं बघितलं नाही.

६

घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. चंद्राबाई जनाला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. जनानं दूधभात खाल्ला होता. त्यानं डावा हात बघितला. उजव्यासारखाच होता.

"सोडला?" चंद्राबाईनं विचारलं.

"सोडला."

एवढंच तो बोलला. मग पाय धुवायला मागच्या अंगणात गेला. चंद्राबाई त्याला पाणी द्यायला मागोमाग आली. तेवढाच वेळ.

त्याच वेळी वीज आली. आधी स्टेशनावर, मग चाळीच्या पहिल्या खोलीत, मग एकेक करत सगळीकडे. पोरांनी आरडाओरडा केला. कुणीतरी थाळी वाजवली. लडकू मुकादमाचा आवाज ऐकू आला, "आला रं आला, घारेमामाचा देव आला!" आणि लोक हसले. सहदेवलाही हसू फुटत होतं.

घरात आवाज झाला. टक्.

तो धावला. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. कडी खाली लोंबत होती. खोलीत अंधार होता, असायलाच हवा होता. वर नुसता होल्डर होता, रिकामा. त्याला ना भिंत दिसत होती, ना शिडी, ना कोपऱ्यातली ट्रंक.

जना दिसत होती.

केसांचा भांग, गालाला चिकटलेलं भाताचं शीत, झग्याचं तुटकं बटण, सगळं स्वच्छ दिसत होतं. तिच्याभोवतीच्या एवढ्याशा जागेपलीकडे तो उजेड जात नव्हता. ती पाय जुळवून उभी होती. तिचा डावा हात वर होता, मोठ्या माणसानं बोट धरायला दिलं की लहान पोराचा असतो तेवढा वर. त्या हाताच्या वर काय होतं ते सहदेवनं बघितलं नाही. एका जुनेऱ्याचा काठ तेवढा डोळ्याच्या कडेला आला, चंद्राबाईनं सोनाबाईला शेवटचं नेसवून पाठवलेल्या लुगड्याचा. त्यावरून पाणी निथळत होतं.

"बाबा, पाया पड," जना म्हणाली. "आत्या म्हनते, बाबा कधीच पडत नाय."

सहदेवनं हात जोडले. मान खाली घातली. "सोने," तो म्हणाला, "पाया पडतो गं. पोरीला ठेव. मला दुसरं काही नाही."

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर थाळी वाजायची थांबली. मग जनाचा हात हळूहळू खाली आला, आणि ती आपली आपण चालत उंबऱ्यापाशी आली. त्यानं तिला उचललं. अंग ऊबदार होतं, लेकराचं असतं तसं. मागे खोली आता नुसती अंधारी होती.

"आत्यानं मला दिलं," जना त्याच्या कानाशी म्हणाली. "तिला नको म्हनाली आता."

काय दिलं ते त्यानं विचारलं नाही.

अंगणात त्यानं तिला खाली ठेवलं. चंद्राबाईनं गुडघ्यांवर बसून पोरीला पोटाशी धरलं, तिचे हात, पाय, तोंड चाचपलं, कडाकडा बोटं मोडली आणि मग ती रडली. त्या श्रावणानंतर पहिल्यांदाच ती मोकळं रडली. शेजारच्या ओटीवरचा दिवा नवा कोरा असल्यासारखा झळकत होता. त्याचा उजेड आडवा अंगणात पडला होता. त्यात सहदेवची सावली कुडापर्यंत लांब गेली होती. चंद्राबाईची तिच्याशेजारी, तिच्याहून आखूड, रडण्यानं हलणारी.

जनाची त्यांच्यात नव्हती.

त्यानं नीट बघितलं. होती. तिच्या पायांशी होती, भाकरीएवढी, गोल. चंद्राबाई तिला धरून दोन पावलं पुढे सरकली, तशी सावलीही पायांखालच्या पायांखाली पुढे सरकली.

जनानंही खाली बघितलं. तिनं आईच्या मिठीतून अंग सोडवलं, पाय जुळवले आणि सावली पुरती झाकली. मग मान वर करून, आपल्या डोक्याच्या जरा वर बघत, ती ओळखीचं हसली.

सहदेवनं वर बघितलं नाही.